फक्त करून दाखव

सरांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. तीस माणसांसमोर. माईक चालूच होता, त्यामुळे ते जे बोलले ते भिंतीवरच्या चारही स्पीकरमधून आलं.

"तुझं हाय-नाय ऐकायला लोक एवढे पैसे भरत नाहीत. तू फक्त करून दाखव."

लोक हसले. सगळे नाही. पुढच्या रांगेतले हसले, आणि मी त्यांच्याच समोर उभी होते. मी एवढंच म्हटलं होतं, "मॅडम, गुडघा आत जाते, असं नाय करायचं." त्या मॅडमचा गुडघा खरंच आत जात होता. त्याही हसल्या.

मी उठाबशा काढायला लागले. चेहरा हसरा ठेवून. हसरा चेहरा हा कामाचा भाग होता.

बोईसरमधली ही सरांची जिम नव्या पद्धतीची. मशिनं जवळजवळ नाहीत. पंचेचाळीस मिनिटांची बॅच, अंधारात निळे दिवे, छाती हादरवणारं संगीत. मनगटाला पट्टा बांधायचा, की समोरच्या मोठ्या पडद्यावर तुमचं नाव आणि गुण दिसतात. सर माईकवरून ओरडतात, सगळे एकदम तेच करतात. कारखान्यांतले मॅनेजर, त्यांच्या बायका, दुकानांचे मालक. साध्या जिममध्ये सहा महिने जाता येईल एवढी फी इथे एका महिन्याला. सर त्याला कोचिंग म्हणायचे.

मी सफाळ्याच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरची. घरची भातशेती पावसाच्या भरवशावर. पीक घरात आलं की आईबाबा वीटभट्टीवर जातात. मी आश्रमशाळेत शिकले आणि धावले. राज्यस्तरापर्यंत धावले. मग व्यायाम शिकवण्याचा कोर्स केला, परीक्षा दिली, पास झाले. कुठला स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडला जातो, हे मला सरांपेक्षा जास्त येतं. हे मी फुशारकीने सांगत नाही. ते स्वतः मला विचारायचे, ऑफिसचं दार लावून.

कामाला लागले त्या दिवशी त्यांनी माझी सगळी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली. "सेफ राहतील," म्हणाले. दोन वर्षं सोडणार नाही, असं लिहून घेतलं. छातीवर लावायला एक पट्टी दिली, तिच्यावर भलतंच नाव. माझं नाव लोकांना जड जाईल म्हणे. मी सगळ्याला हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं, नोकरी अशीच असते.

माईक काढून घेतल्यानंतर मी सात महिने गप्प राहिले. सात महिने मी पुढे उभी राहून वाकले, उडी मारली, वजन उचललं. एक बाई मला कौतुकाने म्हणाली, "तुम्हा लोकांना काय, जंगलात पळायची सवयच असते." मी हसले. माझी चार वर्षांची पहाटेची मेहनत तिने एका वाक्यात झाडांना देऊन टाकली, आणि मी हसले.

सोडून जावं म्हणून एकदा पालघरला दुसऱ्या जिममध्ये विचारायला गेले. त्यांनी मला एक तास शिकवायला लावून पाहिलं. आवडलं त्यांना. म्हणाले, "ओरिजिनल घेऊन ये." मी परत आले आणि सरांकडे प्रमाणपत्रं मागितली. त्यांनी मोबाईलवरून नजर काढली नाही.

"दोन वर्षं झाली की बघू."

म्हणजे माझं शिकलेपण त्यांच्या टेबलाच्या खणात, आणि मी बाहेर त्या निळ्या दिव्यांखाली.

चुरीकाकू आल्या त्या याच काळात. सरावलीत मी भाड्याने राहायचे, तिथून दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घर. मूळच्या केळव्याकडच्या. कारखान्यातल्या माणसांना डबे द्यायच्या. पहाटेपासून ओट्याशी उभ्या राहून कंबर धरली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं, तिथे जा, चांगलं कोचिंग आहे. डब्यांच्या पैशातून त्यांनी तीन महिन्यांची फी भरली. पंजाबी ड्रेसवर नवे बूट घालून यायच्या. पडद्यावर त्यांचं नाव कायम सगळ्यांत खाली.

तीन महिने संपत आले तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी मला गाठलं.

"पोरी, तू आपल्यातली हायेस म्हणून विचारते. परत पैसे भरू का? काय फरक पडल? खरं सांग."

खरं मला माहीत होतं. त्यांना उड्या नको होत्या. त्यांना कुणीतरी शेजारी बसून कंबर कशी हलवायची, एवढंच रोज वीस मिनिटं शिकवायला हवं होतं. तीस जणांत ते होणार नव्हतं. पण त्या आठवड्यात सरांनी मला बजावलं होतं, जुनी माणसं टिकवायची, नाहीतर तुझी गरज काय.

"भरा काकू," मी म्हटलं. "फरक पडल."

त्यांनी भरले. माझ्या शब्दावर भरले.

दोन आठवड्यांनी सकाळच्या बॅचला सरांनी स्पर्धा लावली. केटलबेल, म्हणजे मूठ असलेला लोखंडी गोळा, जमिनीवरून उचलायचा आणि ठेवायचा. जितक्या वेळा उचलाल तितके गुण. मी पुढे करून दाखवत होते. पाठ सरळ, जोर पायांवर. काकूंची पाठ पहिल्या उचलीलाच गोल झालेली मला दिसली. दुसरीला जास्त. मी सरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत होते.

"चुरी मॅडम, लास्ट नंबर! सगळे बघतायत! पुश!"

काकू लाजल्या आणि भराभर उचलायला लागल्या. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होते. तोंड उघडलं असतं तर ऐकू गेलं असतं. मी नाही उघडलं. मी बरोबर पद्धतीने गोळा उचलत राहिले.

मग त्या तिथेच बसल्या. ओरडल्या नाहीत. एक हात कंबरेवर, एक जमिनीवर, आणि उठता येईना. सरांनी संगीत बंद केलं नाही. मला खुणेने सांगितलं, तिला बाजूला घे.

तेव्हा मी ओरडले. माईकशिवाय. "थांबा सगळे! गाणा बंद करा. कोणी हात नको लावू त्यांना." सगळे थांबले. मी काकूंना कुशीवर वळवलं, गुडघे वाकवून घेतले, श्वास घ्यायला लावला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. रिक्षा येईपर्यंत सोडलं नाही.

कंबरेतली गादी सरकली होती. डॉक्टरने दीड महिना पडून राहायला सांगितलं. डबे बंद.

तिसऱ्या दिवशी काकूंचे यजमान जिमवर येऊन सरांना जाब विचारून गेले. ते गेल्यावर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. पुढे एक छापलेला कागद. त्यात लिहिलं होतं की मी त्या बाईंना नीट पद्धत सांगितली होती, वारंवार सूचना दिल्या होत्या, त्यांनी ऐकलं नाही.

"सही कर. आजच तुझे पेपर्स देतो. सगळे ओरिजिनल."

त्यांनी खण उघडला. माझी प्लास्टिकची फाईल दिसली. निळी. आईने पालघरच्या बाजारातून आणलेली. हात लांब केला असता तर मिळाली असती.

"मी काय सांगितलेला नाय," मी म्हटलं. "तुमी मला बोलू देलं नाय. आणि मी पण बोलले नाय. ह्या कागदावर लिवलाय तो खोटा हाय."

"विचार कर. बाहेर तुला कोण उभं करतं बघू."

"नाय करीत सही."

खण बंद झाला. मी छातीवरची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले.

आता मी औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मालाचे डबे भरायचं काम करते. ठेकेदाराकडून. प्रमाणपत्रांसाठी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, साहेब नाहीत म्हणाले. पुन्हा गेले, पुन्हा नव्हते. मी जाणार आहे, ते असतील त्या दिवसापर्यंत.

चाळीतल्या बाया विचारतात, त्या जिममध्ये पैसे भरून काय मिळतं गो? मी सांगते. चार बाया एकत्र येतात, ते चांगलं हाय. घराबाहेर पडता येतं, ते पण चांगलं हाय. पण कोचिंग म्हणजे तुमच्याकडं बघणारा माणूस. तो कोणाकडं बघत नसेल तर तुमी दिव्यांचे आणि गाण्याचे पैसे भरताय. आणि ज्याला दिसतंय त्याचं तोंड बांधलेलं असेल, तर जाऊच नका.

काकूंकडे जायला मला आठ दिवस लागले. उंबऱ्यात उभी राहिले. त्या पलंगावर आडव्या होत्या, मान वळवून म्हणाल्या, "तू तर भरा म्हणालीस." एवढंच. मी माफी मागितली. त्यांनी मान परत भिंतीकडे फिरवली. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

त्यांचे यजमान ग्राहक मंचात तक्रार करणार आहेत. मला विचारलं, साक्ष देशील का. मी हो म्हटलं. वकील मला विचारेल, तुला दिसत होतं तर गप्प का राहिलीस? पैसे भरायला का सांगितलंस? त्याने विचारायच्या आधीच मी ते सांगणार आहे. माझं खोटं आधी, मग सरांचं.