न तुटणारा नंबर

आमच्या मोठ्या मामाजींच्या हातून एकही आकडा धड सुटला नाही. एकोडीत धान पिकवणारा, सातवी शिकलेला माणूस. पण नंबर दिसला की तो कशाने तुटतो, म्हणजे त्याला कशाने पुरा भाग जातो, हे कळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. एस.टी.चं तिकीट असो की खताचं पोतं, खिशातला खडू निघायचा आणि समोरची भिंत भरायची. निकाल मग साऱ्या गावाला ऐकावा लागे. शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर आणला तेव्हा लोक पेढे खात होते आणि मामाजी नंबरप्लेटपुढे उकिडवे बसले होते. २२०९. "सत्तेचाळीस गुणिले सत्तेचाळीस! राजा नंबर हाये, हा ट्रॅक्टर बंद पडतच नाही." तो आठवड्यातच तळ्याच्या पाळीवर बंद पडला. ढकलणाऱ्यांत मामाजीही होते, "नंबराले बोल लावू नका, डिझल पाहा" म्हणत.

मॅट्रिकला मी त्यांच्याकडे राहत होते. आमच्या घरात तोवर कोणी मॅट्रिक झालेलं नव्हतं, आणि नापास झाले तर लग्न, हे बाबांचं पक्कं होतं. पहिल्या पेपरच्या सकाळी मला रडूच कोसळलं. ओसरीवर बसून म्हटलं, "मी नाही जात." मामाजींनी समजूत घातली नाही. फक्त रोल नंबर विचारला. १२२४९१.

खडू चालू लागला. तिनाने नाही, साताने नाही, अकराने नाही; जे स्वतः तुटत नाहीत तेवढेच आकडे ते लावून पाहत. "साडेतीनशेच्या आत पाहिलं का झालं. साडेतीनशेचा वर्ग याच्या वर जाते." भिंत भरत गेली, मी रडणं विसरून बघत राहिले. तीनशे सदतीसही नाही! आता दोनच आकडे उरले होते, तेवढ्यात एस.टी.चा हॉर्न वाजला.

"तुटत नाही, पोरी! कोणाच्या बापाले तुटत नाही हा नंबर. अन् तू कायले तुटून राहिली? चाल!"

मी गेले. पास झाले. भंडाऱ्याला कॉलेजात गणित घेतलं. तिथे एकदा सहज ते उरलेले दोन आकडे लावून पाहिले, तर पहिल्यालाच नंबर तुटला! तीनशे सत्तेचाळीस गुणिले तीनशे त्रेपन्न. सुटीत जाऊन ऐटीत सांगितलं. मामाजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागले. मामीला मात्र हसू आवरेना.

"त्यायले काय सांगतं, बाई? तुझी बस गेली अन् हे पुन्हा भिंतीपाशी! मंग ओल्या फडक्यानं सारं पुसलं. निकाल लागेपर्यंत मलेही तोंड उघडू देल्लं नाही."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"बसमागं धावू का मी?" मामाजी म्हणाले. "अन् ते दोन तुकडे काही तुटत नाहीत. पाहून ठेवलं मी."

ट्रॅक्टरचा नंबर पोटात न ठेवू शकणारा हा माणूस माझ्यासाठी निकालापर्यंत गप्प राहिला. घरातली पहिली पदवी माझी, पण तिच्यात ते गप्प राहणंही आहे. आता मामाजी नाहीत. मोठा आकडा दिसला की माझाही हात खडू शोधतो. आकडा तुटला, तरी समोरच्याचा पेपर होईपर्यंत मी बोलत नाही.