दिवेलागणीच्या दोन घंट्या

रामकिशनला माणसांची कमी होती असं कुणी म्हणणार नाही. अहमदपूरच्या मार्केट यार्डासमोर त्याचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान, पेरणीच्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नसायची. पण शटर ओढलं की संपलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आदिनाथ बायकोला घेऊन हैदराबादला. दुकानामागच्या दोन खोल्यांत हा एकटा. सकाळची भाजी संध्याकाळी गरम करायची, टीव्ही लावायचा आणि न बघताच बंद करायचा. गावभर ओळखी, पण अंधार पडल्यावर 'कसा हायस' म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

नव्हतं म्हणजे, एक होतं. निलंग्याकडच्या खेड्यात दिलेली धाकटी बहीण, साखराबाई. आणि तिच्याशी तर बोलणं बंद.

त्याचं असं झालं. आदिनाथच्या लग्नात यार्डातले व्यापारी आले, पुढारी आले. माइकवरून एकेकाचं नाव पुकारून फेटे बांधायला सुरुवात झाली ती संपेचना. रामकिशनही हुरळून गेला होता, खोटं कशाला बोला. त्या गडबडीत घरच्या जावयाचा, म्हणजे साखराबाईच्या नवऱ्याचाच फेटा राहिला. बिचारा पहिल्या रांगेत बोडक्या डोक्यानं बसून राहिला. साखराबाई उठली आणि नवऱ्याला घेऊन एसटीत बसली. आमच्याकडं मानपानाची गोष्ट कुणी सहज सोडत नाही. रामकिशनला वाटलं, राग ओसरला की करील फोन. तिला वाटलं, चुकलं त्याचं, त्यानं करावा. एकाच आईची लेकरं, हट्टात कोण कमी? भाऊबीजेलाही कुणी कुणाच्या दारात गेलं नाही.

मग एके दिवशी दिवेलागणीला दुकानातला लँडलाइन दोनदा वाजला आणि थांबला. फोनच्या काचेवर साखराबाईचा नंबर. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. मिस्कॉल काय माणूस फक्त पैसे वाचवायला मारतो होय? पोचलो, बरा आहे, आठवण आली, सगळं त्यात बसतं. रामकिशनला ते कळलं. तो उचलायचा नाही. उचलला असता तर बोलावं लागलं असतं. पण त्या दोन घंट्या झाल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

यंदा रस्ता रुंद करायला जेसीबी आला आणि फोनची तार उखडून गेला. तक्रारी करकरून रामकिशन थकला. आता तारेचं काही खरं नाही, नेटवरचा फोन घ्या, असं जो तो सांगू लागला. केबलवाला म्हणाला, टीव्ही, नेट, फोन सगळं एकातच देतो, पण नंबर नवा. दुसऱ्या कंपनीचा माणूस त्याहून स्वस्तात द्यायला तयार, पण नंबर नवाच. आदिनाथ तर वैतागला, मोबाइल असताना कशाला पाहिजे ते डबडं? रामकिशननं दुकानाच्या पाटीवर रंगवलेल्या नंबराचं कारण पुढं केलं. खरं कारण सांगायची सोय नव्हती. साखराबाईनं शाळा पाहिलेली नाही. तिला तोंडपाठ असलेला माहेरचा नंबर तेवढा एकच.

शेवटी शिवकुमार नावाचा एक एजंट भेटला. तुमचा जुना नंबरच नेटवर चढवून देतो म्हणाला. रामकिशननं पुढचं काही ऐकलंच नाही. वेग किती, करार कसा, लाइट गेली तर काय, सगळ्याला नुसतं 'हाव, हाव' म्हणत मान हलवत गेला. असं गिऱ्हाईक कुणाला मिळतं? शिवकुमारनं खूश होऊन आपल्याकडून एक सोय फुकट चालू करून दिली. आता तुमचा एकही कॉल वाया जाणार न्हाई, म्हणाला.

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. दुसऱ्याही नाही. रामकिशनचं चित्त थाऱ्यावर राहिना. आजारी पडली का? भावजींना काही झालं का? कुणाला विचारावं, तर तो म्हणणार, तुझी सख्खी बहीण, तूच विचार की. आठवडाभर तो दिवेलागणीला गिऱ्हाइकांना वाटेला लावून फोनजवळ बसला. बायको गेली तेव्हाही तो इतका एकटा पडला नव्हता. तेव्हा निदान साखराबाई येऊन राहिली होती.

उलगडा केला पिराजीनं. हे जुनं गिऱ्हाईक, आला तो भांडतच. सोयाबीनचं बी आलं का विचारायला फोन करावा, तर कुणीतरी बाई बोलती, बियाण्यासाठी एक दाबा, खतासाठी दोन दाबा, मी काय दाबत बसू? रामकिशननं आपल्या मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावून पाहिला. घंटी वाजायच्या आत बाईनं उचलला. नमस्कार, आपले स्वागत आहे. शिवकुमारची फुकटची सोय ती हीच. बहिणीनं माहेरचं दार वाजवावं आणि भलत्याच बाईनं उघडावं, तसं झालं होतं.

त्यानं शिवकुमारला बोलावून ती बाई काढायला लावली. तरी घंटी आली नाही. मग मात्र मन घट्ट करून, आदिनाथच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यानं साखराबाईला फोन लावला.

तिनं लगेच उचलला.

"दुकान विकलंस व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई गं. मशीन बोलत होतं ते, नव्या फोनातलं. काढलं म्या."

"मला वाटलं, पोराकडं गेलास कायमचा. मला सांगितलं बी न्हाई म्हणून लई रडले."

रामकिशन म्हणाला, आता घंटी पहिल्यासारखी वाजते, उद्यापासून मार.

"दादा," साखराबाई म्हणाली, "मशीन बोललं. तू कवा बोलणार?"

शब्द त्याच्या ओठांवर आला होता. माझं चुकलं, एवढंच तर म्हणायचं होतं. पण मधे इतकी वर्षं गेली की साधं वाक्यही जड होऊन बसतं. तो म्हणाला, लाइन चांगली आहे आता, आवाज स्वच्छ येतो.

"येतो की," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

फोन झकास चालतो. गिऱ्हाइकं खूश, पिराजीही खूश. दिवेलागणीला मात्र तो वाजत नाही. साखराबाईला जे करायचं ते तिनं केलं, आता पाळी आपली, हे रामकिशनला पक्कं ठाऊक आहे. रोज तो शटर ओढतो, फोनपुढं बसतो, नंबर अर्धा दाबतो आणि स्वतःशीच म्हणतो, उद्या करू.