बिनगुडघ्याचे दोन महिने

ईट गावची कस्तुराबाई कासारीण पस्तीस वर्षं खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून आसपासच्या वाड्यावस्त्या पायी फिरली. बायांचे चेहरे ती विसरायची, मनगटं मात्र विसरायची नाही. कुणाचा हात कडक, कुणाचा लोण्यासारखा, कुणाच्या अंगठ्याचं हाड आडवं येतं, सगळं तिला पाठ. शेवटी उजवा गुडघा बसला, तेव्हा मुलानं, रणधीरनं, तिला सोलापूरला नेऊन नवा सांधा बसवून आणला. सहा महिने बरे गेले. जवळच्या वस्तीवर ती पुन्हा जाऊ लागली.

मग गुडघा गरम राहायला लागला. टाक्यांच्या कडेला पुटकुळी आली आणि तिच्यातून पाणी झिरपू लागलं. कस्तुराबाईनं हळद दाबली, वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. एका सकाळी दारात आलेल्या सुवासिनीला चुडा भरताना तिच्या हातून ओळीनं तीन बांगड्या वाढवल्या, काचा दारात पडल्या. शिवकन्या, तिची सून, चूल सोडून बाहेर आली. तिनं सासूच्या कपाळाला हात लावला, मग पट्टी सोडली.

"आत्या, कधीपास्नं हाय हे?"

"झालं असंल पंधरा दिस."

"आन् सांगितलं कामून न्हाय?"

"तुझ्या तोंडावर आत्ता जे आलंय ना, ते मला बघायचं नव्हतं."

सोलापूरला डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं. जंतू सांध्यावर थर धरून बसले होते, नुसत्या औषधानं निघणार नव्हते. सांधाच काढायचा, आतलं सगळं धुवायचं, औषध कालवलेल्या सिमेंटचा तात्पुरता तुकडा बसवायचा, सहा आठवडे शिरेतून औषध द्यायचं. जंतू गेल्याची खात्री पटली, की दुसरा सांधा.

"म्हंजी तवर मला गुडघाच न्हाय?" कस्तुराबाईनं विचारलं.

"आहे, पण कामचलाऊ. त्याच्यावर भार द्यायचा नाही."

सांधा काढल्यानंतरच्या त्या दिवसांचं कस्तुराबाईला नीट सांगता येत नाही. ताप चढायचा, उतरायचा. दुपारी खिडकीतून ऊन यायचं, सलाईनच्या बाटलीतून भिंतीवर सांडायचं आणि तिथं एक पिवळसर वाट उमटायची. कस्तुराबाई त्या वाटेनं चालू लागायची. पाय दुखत नसे, माती कोमट लागे. दोन्ही बाजूंच्या दारांतून नुसते हात पुढं यायचे: पिठात माखलेले, शेणानं हिरवे झालेले, एक पोळल्याचा डाग असलेला. ती प्रत्येकाला बांगड्या भरायची, आणि बांगड्यांना वजनच नसायचं. एकदा गोंदलेलं मनगट पुढं आलं. तिच्या आईचं.

"किती चाललीस गं?" आईनं विचारलं.

"सहा गावं."

आईनं तिचा गुडघा दाबायला हात ठेवला, तर तिथं हाड नव्हतं, विहिरीचं थंड पाणी होतं. कस्तुराबाईनं डोळे उघडले. शिवकन्या कपाळावरची ओली घडी बदलत होती.

तिसऱ्या आठवड्यात शिरा सापडेनाशा झाल्या. पौर्णिमा नावाची नर्स दोनदा सुई टोचून घाबरली. इतकी मनगटं हाती धरलेल्या बाईचं मनगट आता तिच्या हातात होतं.

"हाताकडं बघू नगंस, पोरी," कस्तुराबाई म्हणाली. "मला काय तरी इचार. बाई बोलाय लागली की हात आपसूक ढिला पडतो."

"तुमचं गाव कुठलं, मावशी?"

कस्तुराबाईनं ईटच्या बाजारापासून सुरुवात केली. वेशीपर्यंत येईतो सुई लागली होती. पुढं रोज तसंच चाललं. कोणती वस्ती सांगायची राहिली, ते पौर्णिमाच आठवण करून द्यायची.

रक्ताचे अहवाल चांगले आले. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी मात्र ती शिवकन्येचा पदर सोडेना. "परत सडला तर?"

"तर परत येऊ. पर येका दिसात सांगायचं, आत्या. पंधरा न्हाय."

"व्हय," ती म्हणाली आणि पदर सोडला.

नवा सांधा बसला. वाकवताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, पण गुडघा काटकोनापर्यंत आला. त्याच्यापुढं तो जाणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मांडी घालून बसणं संपलं. पायी फिरणंही संपलं. आता शिवकन्या स्कूटीवरनं वस्त्यांवर बांगड्या नेते. कधीमधी सासूला मागं बसवते. पूर्वी अर्धा दिवस खाणारी वाट पंधरा मिनिटांत सरते, ते कस्तुराबाईला खरंच वाटत नाही. ज्वारीची ताटं अंगावरून वाहत गेल्यासारखी जातात, आणि ती अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सुनेच्या पाठीला टेकून म्हणते, "हळू घे की. अजून मला हितलं कोणच दिसलं न्हाय."

शिवकन्या हळू घेते.