तिसऱ्या मडक्यातला संघ

“अक्का, तुम्ही वाघाच्या पुढ्यात शेळी बांधायलाव,” शिवराज अण्णा म्हणाले आणि माझा कागद त्यांनी गादीवर पालथा ठेवला.

बिदरच्या बाजारात अण्णांचं तुरीचं आडत दुकान आहे. शाळकरी मुलींच्या फुटबॉल स्पर्धेचा मंडप, जेवण आणि कप त्यांच्याकडून असतो. मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होते, म्हणजे खेळ विभागाची प्रमुख. रिटायर झाले तरी असल्या कामांना लोक मला बोलावतात. त्या वर्षी माझ्याकडे ड्रॉ होता. बारा संघ, तिघांचे चार गट. कोण कोणत्या गटात जाणार ते चिठ्ठ्या काढून ठरवायचं, त्याला ड्रॉ म्हणतात.

मुलांनो, विश्वचषकाचा ड्रॉ टीव्हीवर पाहून तुम्ही दोघांनी मला फोन केला होता. “आजी, एका देशाचा बॉल निघाला आणि त्यांनी तो भलत्याच गटात टाकला. हे फिक्सिंग ना?” फिक्सिंग नव्हे. पण माझं उत्तर तुम्हाला पटलं नाही, हे तुमच्या ‘ओके आजी’वरून कळलं. म्हणून हे लिहिते. इथेही अगदी तेच झालं होतं, फक्त बॉलच्या जागी कागदाच्या गोळ्या होत्या.

आधी सीडिंग समजून घ्या. सगळ्या संघांच्या चिठ्ठ्या एकाच भांड्यात टाकल्या तर सगळ्यात तगडे संघ एकाच गटात येऊ शकतात. मग त्यांतले काही पहिल्याच फेरीत घरी जातात आणि दुसऱ्या गटातला साधारण संघ आरामात पुढे जातो. हे होऊ नये म्हणून तगड्या संघांना आधीच वेगवेगळं बसवतात. ते सीडिंग. विश्वचषकात त्यासाठी रँकिंग पाहतात. देशांच्या सामन्यांवर गुण मिळतात. बलवान संघाला हरवलं तर जास्त, मैत्रीच्या सामन्याला कमी. रँकिंगप्रमाणे संघ पॉटमध्ये वाटतात. वरचे पहिल्या पॉटमध्ये, त्यांच्या खालचे दुसऱ्यात, असं. मग प्रत्येक गटाला प्रत्येक पॉटमधून एक संघ मिळतो. यजमान देश कसाही खेळो, त्याची जागा पहिल्या पॉटमध्ये असते.

आमच्याकडे रँकिंग कुठलं? मी मागच्या वर्षीचे निकाल घेतले. त्यात पहिले तीन आलेले संघ आणि यजमान बिदर पहिल्या पॉटमध्ये. मागच्या वर्षी खेळलेले बाकीचे चार दुसऱ्यात. पहिल्यांदाच येणारे चार तिसऱ्यात. जनवाड्याच्या मुली तिसऱ्यात होत्या.

अण्णांचा आक्षेप यालाच होता. ते तरुणपणी पैलवान होते आणि आता जत्रेच्या कुस्त्यांचे पंच आहेत. जत्रेत पंच दोन पोरांना शेजारी उभं करतो, उंची बघतो, मानेवर हात ठेवून बघतो आणि बरोबरीची जोड लावतो. जोड चुकली तर लोक पंचाला शिव्या घालतात. त्याच हिशोबाने अण्णांनी स्वतःचे गट करून ठेवले होते. सगळ्यात तगडे तीन एका गटात, त्यांच्या खालचे तीन दुसऱ्यात, आणि अगदी नवखे तीन शेवटच्या गटात.

“अण्णा, अशानं मागच्या वर्षीचे तीन चांगले संघ पहिल्याच दिवशी एकमेकांना कापतील,” मी म्हणाले. “आणि नवख्यांच्या गटातला संघ काही न करता पुढं जाईल.”

“जाऊ दे की. पण मॅच तर बरोबरीची व्हईल! जत्रेत जोडी लावण्यात माझी उमर गेली, अक्का. गुलबर्ग्याच्या पोरी रोज सकाळी पळत्यात. त्यांच्यापुढं जनवाड्याच्या पोरी कामून उभ्या करायलाव?”

“कुस्ती एकदाच होते आणि तिथंच संपते. इथं शेवटी एकच कप आहे. त्यासाठी कधीतरी सगळ्यांना वाघापुढं जावंच लागतं.”

“कधीतरी जावं. पहिल्या दिवशी न्हाई.”

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. युरोपातले देश एक स्पर्धा अशीही खेळतात की बरोबरीचे बरोबरीच्यांशी, आणि जिंकणारा वरच्या वर्गात चढतो. पण तिथे वर्ग चढायला वर्षं असतात. आमच्याकडे तीन दिवस होते.

शिवाय जनवाड्याची गोष्ट मला माहीत होती. तिथल्या रेखा टीचर आदल्या आठवड्यात भेटून गेल्या होत्या. गावातल्या मुली हाफ पँट घालून चेंडू खेळतात, हे शाळा समितीचे प्रमुख विठोबा अप्पा यांनी महामुश्किलीने मान्य केलं होतं. त्यांची नात अंबिका गोलकीपर होती, तरीही. त्यांची अट एकच. हे एक वर्ष बघू. चारचौघांत शोभा झाली, तर पुढल्या वर्षी चेंडू बंद.

“मॅडम, आम्हाला बिदरच्या ए गटात टाका ना,” टीचर म्हणाल्या होत्या. “बिदरचा संघ यजमान म्हणून पहिल्या पॉटमध्ये हाय, पर तसा हलकाच हाय. जरा आमच्याकडं बघा.”

“बघून टाकलं तर तो ड्रॉ राहत नाही, टीचर.”

त्या मान हलवून निघाल्या. मलाही बरं वाटलं नाही.

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला. बशीत ओतून प्याले आणि मग म्हणाले, “अक्का, जत्रेत पहिल्या कुस्त्या कशाच्या असत्यात?”

“नारळावरच्या.”

“व्हय. लहान पोरांच्या. जिंकंल त्याला नारळ. पोरगं आयुष्यभर सांगतंय की मी जत्रेत नारळ मारला. मग तुमचे गट तुमच्या मनासारखे करा. पर गटात जे तिसरे येतील त्यांना घरी लावू नका. त्या चौघांच्या नारळावरच्या मॅच लावा. तिथं जोड आपोआप बरोबरीची लागतीय.”

मी कागद सरळ केला आणि तिथंच लिहून घेतलं. गटातले पहिले दोन मोठ्या कपासाठी पुढे. तिसरे आलेले चार नारळाच्या कपासाठी. जो नारळ जिंकेल तो पुढच्या वर्षी दुसऱ्या पॉटमध्ये. माझ्या पुस्तकी शिक्षणात हे होतं. दुकानात बसून मला आठवलं नव्हतं, एवढंच.

ड्रॉ मंडपात झाला. पॉट म्हणून अण्णांनी कुंभाराकडून तीन मडकी आणली होती. ड्रॉच्या आधी मी नियम मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवले. त्यात एक नियम असा होता की एकाच तालुक्यातले दोन संघ एका गटात येणार नाहीत. ते एकमेकांशी वर्षभर खेळतातच. स्पर्धा इतरांशी खेळण्यासाठी असते. विश्वचषकातही एका खंडातले दोन देश एका गटात ठेवत नाहीत. युरोपचे संघ फार असतात म्हणून त्यांना एका गटात दोनपर्यंत सूट.

पहिल्या मडक्यातून बिदर ए गटात बसलं, यजमान म्हणून. गुलबर्गा बी गटात आलं, आळंद सी मध्ये. दुसरं मडकं शांतपणे संपलं. तिसऱ्यात मी हात घातला आणि पहिलीच चिठ्ठी जनवाड्याची निघाली.

पाळी ए गटाची होती. जनवाड्याची मंडळी टाळ्या वाजवत उठली. रेखा टीचरनी डोळे मिटून हात जोडले.

पण बिदर शहर आणि जनवाडा, दोन्ही बिदर तालुक्यातले. मी चिठ्ठी सगळ्यांना दाखवली आणि बी गटाखाली लावली. गुलबर्ग्याच्या शेजारी.

टाळ्या थांबल्या. विठोबा अप्पा उठले. पांढरा रुमाल डोक्याला बांधलेला, उंच माणूस.

“बाई, पाळी ए ची हुती. चिठ्ठी आमची निघाली. बी मधी कामून लावलाव?”

“अप्पा, तालुका एक आहे. नियम आधी वाचला होता.”

“वाचलाव. पर नियम आमच्याच चिठ्ठीला कसा लागला?”

मागून कोणीतरी ओरडलं, “बिदरवाल्यांना पोरी भारी पडतील म्हणून!” सगळे हसले. अप्पा हसले नाहीत.

“तुमच्या जागी याच मडक्यातल्या औरादची चिठ्ठी आधी निघाली असती तर ती ए मध्ये गेली असती,” मी म्हणाले. “मग तुम्ही पुढच्या गटात. मडक्यात हात माझा होता, पण डोळे नव्हते. हवं तर मडकं बघा.”

अप्पांनी खरंच पुढे येऊन मडक्यात पाहिलं. मग ते जागेवर जाऊन बसले. पुढची चिठ्ठी औरादची निघाली आणि ए गटात गेली. तुम्ही टीव्हीवर पाहिलंत ते हेच, मुलांनो. आधी नियम, मग चिठ्ठी. चिठ्ठीनंतर नियम सुचला असता, तर ते फिक्सिंग.

पहिल्या दिवशी गुलबर्ग्याने जनवाड्यावर सहा गोल केले. अंबिकाने अडवले त्याहून जास्त असतील, पण ते फळ्यावर लिहीत नाहीत. शेवटच्या गोलला प्रेक्षकांत कोणीतरी शिट्टी मारली. अप्पा मंडपातून सरळ टेंपोकडे निघाले.

“बास झालं. चला गं पोरींनो, सामान घ्या.”

रेखा टीचर माझ्याकडे बघत होत्या. ज्या गटात त्यांना मी बसवलं होतं, तिथलाच हा निकाल होता. तेवढ्यात अण्णा टेंपोच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

“अप्पा, एक सांगा. जोड लागल्यावर पैलवान आखाडा सोडून गेला तर त्याला काय म्हणत्यात?”

“ही जोड न्हवती, शिवराज. कत्तल हुती.”

“व्हय, हुती. ह्या अक्कासंगं मी त्याच्यावरच भांडलो. पर अजून दोन जोडी तुमच्या नावानं लागलेल्या हायत. त्या सोडून गेलाव तर लोक सहा गोल इसरतील. पळून गेले हे न्हाई इसरणार.”

अप्पांनी नातीकडे पाहिलं. अंबिकाच्या दोन्ही गुडघ्यांना माती होती.

“तुला खेळायचंय का गं?”

“आजोबा, सातवा मी सोडला न्हाई ना,” ती म्हणाली.

सामान टेंपोतून खाली उतरलं.

दुसऱ्या मॅचमध्ये बी गटातल्याच भालकीकडून एकच गोल बसला. गटात जनवाडा तिसरं आलं आणि नारळाच्या कपात गेलं. तिथे समोर आपल्यासारख्याच मुली आहेत, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं. पळण्यात फरक पडला. आरडाओरडा वाढला. सेमीफायनल त्यांनी दोन-एकने जिंकली. पहिला गोल झाला तेव्हा तो कसा साजरा करायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्या जणी अंबिकाकडे पळत गेल्या. रेफ्रीला शिट्टी वाजवून त्यांना परत बोलवावं लागलं.

फायनलमध्ये त्या औरादकडून हरल्या. एक-दोन. नारळ औरादला गेला. मोठा कप गुलबर्ग्याला, त्यात कोणाला आश्चर्य नव्हतं.

मी मंडपात निकालाचे कागद लावत बसले होते. विठोबा अप्पा आले आणि समोरची खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता चेंडू बंद झाल्याचं सांगणार.

“बाई, औराद आता दुसऱ्या मडक्यात का?”

“हो. नारळ जिंकला ना.”

“आन आमी?”

“तुम्ही तिसऱ्यातच.”

“हे चुकीचं हाय.” त्यांनी टेबलावर बोट आपटलं. “फायनलला गेलेला संघ आन पहिल्याच मॅचला हरलेला संघ एकाच मडक्यात? सुताएवढा तरी फरक पाहिजे का न्हाई? पुढल्या वर्षी आमच्या पोरींना परत गुलबर्ग्याच्या पुढ्यात बसवायलाव काय?”

“पुढल्या वर्षी?” मी विचारलं.

“मग? नियम आताच बदलून ठेवा. नंतर बदललाव तर लोक म्हणतील, जनवाड्यासाठी बदलला.”

मागे उभ्या असलेल्या रेखा टीचरनी तोंडावर पदर धरला. मी अप्पांना लेखी अर्ज द्यायला सांगितलं. त्यांनी तो तिथेच टीचरकडून लिहून घेतला आणि सही केली. स्पर्धा समितीने तो पुढे मान्यही केला.

चाळीसेक वर्षं मैदानावर काढून मी एवढं शिकले. ड्रॉवर सगळे खूश आहेत असं कधी होत नाही, आणि झालं तर काळजी करावी, कारण मग ती स्पर्धा कोणी मनावर घेतलेली नसते. ज्या गावाचा म्हातारा पुढच्या वर्षीच्या मडक्यावरून भांडतो, त्या गावच्या मुलींचा चेंडू सुरक्षित आहे असं समजावं.