सुईवरून गळलेली एकोणीस कार्डं

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. हिवाळ्यात बायको स्वेटर विणायला घेते, तिच्या हातातली लांब सुई दिसते आणि अमरावती रस्त्यावरच्या वाडीतलं एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस डोळ्यांसमोर येतं. मागोमाग एका ड्रायव्हरची दोन वाकडी बोटं. त्या तपासाबद्दल वरिष्ठांनी मला शाबासकी दिली होती. ती माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. मी फौजदार होतो आणि वाडीची गोदामं आमच्या ठाण्याच्या हद्दीत येत. त्या कंपनीचे साठेक ट्रक होते. मॅनेजरची तक्रार अशी की, काही नवे टायर निम्म्या पल्ल्यातच गुळगुळीत होतात. कंपनी प्रत्येक टायरवर तापलेल्या लोखंडाने स्वतःचा नंबर डागत असे. झिजलेल्या टायरवर नंबर बरोबर असे, पण टायर रिमोल्ड निघे, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला. कोणीतरी नवा टायर काढून घेऊन जुन्यावर तोच नंबर डागत होतं.

चौथ्या दिवशी कंपनीचा स्टोअरकीपरच ठाण्यात आला. कपाळाला गंध, इस्त्रीचा सदरा. खुर्चीच्या टोकावर बसून हळूच म्हणाला, “माझं नाव नका घेऊ साहेब. पण त्या कोराडीच्या फेरीवरच्या ड्रायव्हरले विचारा. त्याच्या एकट्याच्या गाडीचे तीन टायर गेले.”

खबर देणारा स्वतःहून आला, तर तो का आला हे आधी पाहावं, असं मी नव्या शिपायांना शिकवत असे. त्या दिवशी मी ते पाहिलं नाही. नोंदी तपासल्या, तीन टायर खरेच गेले होते. ड्रायव्हरला अटक केली. कोर्टाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली.

ड्रायव्हर चाळिशीचा होता, काटोलकडच्या शेतकरी घरातला. कोराडीच्या वीजकेंद्रावर कोळसा पोहोचवायचा.

“टायर कुठं विकले?”

“मी काहून विकीन साहेब? जो देल्ला तो चढवला.”

“मग तुझ्याच गाडीचे तीन कसे गेले?”

“मले का माहीत. पंक्चर झाला का मी टायर स्टोअरात टाकतो. दुसऱ्या दिवशी ते वापस देते. त्यायले विचारा ना.”

हवालदार म्हणाला, “साहेब, हा तं आपल्यालेच तपास शिकवून राहिला.”

आम्ही हसलो. मी त्याचा जबाब लिहून घेतला. मग रूळ उचलला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. स्टेशन डायरीत मी लिहिलं: ‘पळण्याच्या प्रयत्नात पडून इजा.’

कोठडी संपायला एक दिवस राहिला. कबुली नव्हती, माल मिळाला नव्हता. मुदत वाढवून मागायची, तर हातात काहीतरी हवं. म्हणून त्याच्या गाडीची माहिती घ्यायला मी कंपनीत गेलो. मॅनेजरने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. “तिथं आमच्या बाई आहेत. त्या टायरची पत्रिका मांडतात.”

खोलीत तिशीच्या एक बाई बसल्या होत्या. संख्याशास्त्र शिकलेल्या. वडील कारकून, घरातली पहिलीच नोकरी करणारी मुलगी. ड्रायव्हर लोक त्यांना ‘जोशीणबाई’ म्हणून चिडवत. कोणत्या रस्त्यावर कोणत्या जातीचा टायर किती टिकतो, हे शोधायला मॅनेजरने त्यांना नेमलं होतं. दर टायरचं एक जाड कार्ड. कार्डाच्या चारही कडांना भोकं. एक भोक एका ड्रायव्हरचं, एक एका रस्त्याचं, एक एका चाकाचं, एक महिन्याचं. जी गोष्ट त्या टायरला लागू, ते भोक कडेपर्यंत कातरलेलं.

“तुम्हाला काय पाहिजे साहेब?”

“त्या ड्रायव्हरने टायर लांबवल्याचा पुरावा.”

“म्हणजे उत्तर तुम्ही घेऊनच आलात. मी फक्त सही करू का?”

मला राग आला. त्यांनी लक्ष दिलं नाही. लवकर झिजलेल्या टायरचा गठ्ठा काढला, एकोणीस कार्डं. ड्रायव्हरच्या भोकात विणायची सुई घातली आणि गठ्ठा उचलून हलवला. कातरलेली कार्डं सुईवर टिकत नाहीत. तीन खाली पडली.

“हे तुमचे तीन. हे सोळा कोणी विकले?”

त्यांनी कोराडीच्या रस्त्याचं भोक घेतलं, पाच पडली. अमरावतीचं घेतलं, सहा. मग त्यांनी सुई कोपऱ्यातल्या एका भोकात घातली आणि गठ्ठा उचलला. एकोणीसच्या एकोणीस कार्डं टेबलावर पडली. सुई रिकामी.

“हे कशाचं भोक?”

“पंक्चर होऊन एक रात्र स्टोअरमध्ये राहिलेला टायर.”

मी पोलिसी हेका सोडला नाही. “चांगले टायरही राहिलेच असतील की तिथे.”

“राहिले ना. तेही पाहून घ्या.” त्यांनी मे महिन्याची कार्डं काढली. “मेमध्ये स्टोअरकीपर रजेवर होते, मुलीच्या लग्नासाठी. त्या महिन्यात स्टोअरमध्ये राहिलेला एकही टायर लवकर गेला नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “काल त्या ड्रायव्हरची बायको फाटकाशी उभी होती. मी रात्रभर कार्डं लावत... जाऊ द्या. तुम्ही आज आला नसता, तर मीच ठाण्यात येणार होते.”

त्याच दुपारी स्टोअरकीपरच्या भाड्याच्या खोलीवर छापा घातला. पंचांसमक्ष चार नवे टायर आणि नंबर डागायचे लोखंडी आकडे जप्त केले. चौकशीत मी त्याच्या अंगाला हात लावला नाही. एकोणीस कार्डं त्याच्यापुढे मांडली. त्याने पाणी मागितलं आणि सगळं सांगितलं.

कंपनीने पुढे बॅटऱ्यांची, स्प्रिंगांची, डिझेलचीही कार्डं केली. गांधीबागेच्या बाजारातले कापडवाले बाईंची ती खोली पाहायला येत आणि कोणत्या गावाला कोणतं कापड कधी उठतं, ते असंच मांडता येईल का, विचारत. मीही ठाण्यात सायकलचोऱ्यांची कार्डं केली. सुई बायकोची नेली. आता मोठ्या कंपन्यांत संगणक येत आहेत. हजारो नोंदींतून ते क्षणात निवड करतात म्हणे. मला त्याचं कौतुक आहे, भीती नाही. मी ते काम एका सुईवर होताना पाहिलं आहे.

ड्रायव्हर सुटला. पण त्याची बोटं मिटेनात, स्टिअरिंग धरवेना. बाईंनी मॅनेजरशी भांडून त्याला स्टोअरचं काम मिळवून दिलं. वर्षभराने मी धीर करून त्याला भेटायला गेलो. त्याने डाव्या हाताने चहा पुढे केला.

“बसा साहेब.”

“माझ्याकडून चूक झाली,” मी म्हणालो.

“मी तं पयल्याच दिवशी सांगतलं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही लिहून बी घेतलं होतं.”

ठाण्यात परत येऊन मी तो जबाब काढला. चौथी ओळ, माझ्याच अक्षरात: ‘पंक्चर झालेला टायर स्टोअरमध्ये देतो, दुसऱ्या दिवशी परत मिळतो.’ बाईंना जे शेकडो कार्डांतून शोधावं लागलं, ते माझ्या फायलीत एका ओळीत होतं. मी लिहिलं होतं, वाचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. बाईंची सुई खरं बोलली, कारण एकाही कार्डावर कोणी खोटं भोक कातरलं नव्हतं. माझ्या डायरीत मात्र एक खोटी नोंद होती आणि पुढे कोणी ती चाळली असती, तर तिने त्यालाही फसवलं असतं. त्या ड्रायव्हरने कधी तक्रार केली नाही, मला कोणी विचारलं नाही. ती नोंद मी आज दुरुस्त करतो. तो पळाला नव्हता. तो पडलाही नव्हता. बोटं मी मोडली.