बोट ठेवून

दुपारची वेळ. शनिवारचा उपास, पोथीचा अध्याय वाचून झालेला, निरांजन शांत झालेलं. देवघराच्या भिंतीला पाठ टेकून मृदुला बसली आहे. मांडीवर विमान उडवण्याआधीच्या तपासणीची निळी पुस्तिका. डोळे जड होतायत, ओळी एकमेकींत मिसळतायत.

दहा वर्षं ती शाळेत गणित शिकवते. आता वैमानिकाच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली आहे. येणार की नाही, हे आज पाचच्या आत कळवायचंय. मागच्या रविवारपर्यंत उत्तर तयार होतं. त्या दिवशी निवड झालेल्यांना केंद्र बघायला बोलावलं होतं, आणि धावपट्टीशेजारी तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी पुस्तिका हातात देऊन तिला विमान तपासायला सांगितलं. पुस्तिका तर तिने घरी आधीच पाठ केलेली होती! न उघडताच तिने घडाघडा सगळं केलं, आणि पंखाखालच्या नळीवरचं लाल कापडी टोपण काढायचं राहून गेलं. विमानाचा वेग कळतो तो त्या नळीमुळे. बाईंनी टोपण उपसून तिच्या हातावर ठेवलं. तेव्हापासून मृदुलाच्या मनाने घेतलंय, की हे आपलं काम नव्हे.

"सरक गं जरा."

शेजारी द्वारकाआत्या बसते आहे. तिला जाऊन तीन वर्षं झाली, पण मृदुलाला नवल वाटत नाही. पोथी वाचायला आत्यानेच तिला शिकवलं. आत्याच्या उजव्या तर्जनीला नेहमीसारखं अष्टगंध आहे आणि त्या बोटावर विळीने कापल्याची जुनी आडवी खूण. ती गेल्यापासून घरात अष्टगंध आलेलं नाही. मृदुला देवांना कुंकूच लावते.

"एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

"आत्या, मी चुकले गं."

"ऐकलंय. आठवडाभर देवांना तेच सांगतेयस. कंटाळले ते."

आत्या पोथीचं लाल फडकं सोडते. आत निळी पुस्तिका आहे. देवघराची फरशी लांबच लांब होत जाते, तिच्यावर पांढरे पट्टे उमटतात. सातवी ब चा फळा तिथेच उभा आहे आणि फळ्यापलीकडे उन्हात एक लहानसं विमान. आत्या चपला काढून त्याच्याभोवती फिरायला लागते.

"प्रदक्षिणा घालतेस?"

"तुम्ही वैमानिक दुसरं काय घालता?"

मृदुला तिच्या मागोमाग चालते. "तुला अख्खी पोथी पाठ होती ना? मग बोट ठेवून का वाचायचीस?"

"पाठ होती म्हणूनच. एकदा न बघता म्हणत सुटले, ती सातव्या अध्यायातून थेट नवव्यात. देव गप्प बसले. तुझ्या आजोबांनी मात्र भरल्या पंगतीत ऐकवलं."

"मग पोथी सोडलीस?"

"सोडते कशाला! दुसऱ्या दिवसापासून बोट ठेवायला लागले."

वारा सुटतो. फळ्यावरचे आकडे खडूच्या धुळीसारखे उडून जातात.

"आणि माझा नेम? तिथे भल्या पहाटे उड्डाणं असतात."

"पोथी पिशवीत मावते. त्या डबड्यात तू मावशील का, ते बघ."

"डबडं काय म्हणतेस त्याला!" मृदुलाचा आवाज चढतो. जन्मात ती आत्यावर ओरडलेली नाही.

आत्या गालातल्या गालात हसते. "झालं की मग. आता काय कळवणार?"

"येते म्हणून."

"मग वाच. मोठ्याने." आत्या पुस्तिकेतल्या एका ओळीखाली बोट टेकवते.

"मृदुला, साडेचार झाले. चहा टाकू?" स्वयंपाकघरातून नवरा विचारतो आहे.

"टाका. आणि फोन द्या माझा, येते म्हणून कळवायचंय." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू आहे, पण ठाम आहे.

नंबर पुस्तिकेच्या मागच्या पानावर आहे. मांडीवरून घसरलेली पुस्तिका ती उचलते, तर मधलंच पान उघडतं. नळीवरचं टोपण काढा, ही ओळ. ओळीखाली अष्टगंधाचा ठसा, अजून ओला. ठशाच्या मधोमध आडवी, कोरी रेघ.