राजाचा कोंडवाडा

बाबेलच्या राजाने गवत खाल्लं, हे आमच्या गावात ढोरक्यालाही ठाऊक होतं. ढोरकी म्हणजे गावाची गुरं चारणारा. त्याने शास्त्र, म्हणजे बायबल, कधी उघडलं नव्हतं, आणि उघडलं असतं तरी वाचता आलं नसतं. त्याला ही गोष्ट ठाऊक झाली ती माझ्या बाबांमुळे.

पोंभुर्णा तालुक्यातल्या त्या गावात बाबा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मंडळी हा शब्द जरा मोठाच झाला. चार-दोन कुटुंबं, एक कौलारू प्रार्थनाघर आणि पावसाळ्यात फुगून न लागणारं दार, एवढाच पसारा. बाकीचं गाव धान लावणारं, तलावात जाळं टाकणारं, आपापल्या देवांचं. पण बाबांचा आवाज खणखणीत होता आणि प्रार्थनाघराच्या खिडक्यांना झडपा नव्हत्या. त्यामुळे रविवारी जे आत चालायचं ते सगळ्या आळीला फुकट मिळायचं.

बाबांची आवडती गोष्ट एकच. बाबेलचा राजा पृथ्वीवर सगळ्यांत मोठा. त्याला स्वप्न पडलं, की आभाळाला भिडलेलं झाड तोडलं जातंय आणि जमिनीत नुसता खुंट उरलाय. दरबारातले ज्ञानी एकाहून एक, पण एकालाही त्याचा अर्थ लागेना. शेवटी अर्थ सांगितला तो परमुलखातून धरून आणलेल्या एका माणसाने: ते झाड तूच आहेस. राजाने ऐकलं आणि सोडून दिलं. मग एकदा महालाच्या गच्चीवर फिरताना तो म्हणाला, हे सगळं मी बांधलं. शब्द तोंडातून निघतोय तोच त्याची बुद्धी गेली. माणसांनी त्याला हाकललं. तो गुरांमध्ये राहून गवत खाऊ लागला, अंगावर दव पडू लागलं, केस वाढले, नखं पाखरांसारखी झाली. असे सात काळ गेले. मग त्याने वर पाहिलं, बुद्धी परत आली आणि गादीही.

खुंटापाशी आले की बाबा थांबायचे. "सागाचा खुंट फुटते का नाई?" जंगलात राहणाऱ्या माणसांना हे काय विचारायचं! सगळे म्हणायचे, "फुटते!"

पण त्यांचा खरा जीव होता तो गोष्टीत न लिहिलेल्या जागेवर. ते पुस्तक मिटून विचारायचे, "राजा गवत खाऊन राह्यला. मंग इतके दिवस पानी कोनं पाडलं? धान कोनं पिकवलं? दरबारातल्या शहान्याइनं? त्याइले तं एक सपन नाई उलगडलं. राज्य कोन चालवून राह्यला होता?"

"तोच!" मंडळी म्हणायची. तो म्हणजे देव.

बाबा कानाला हात लावायचे. "आयकू नाई आलं."

"तोच!" या वेळी कौलावरची कबुतरं उडायची. मग बाबा हात खाली घ्यायचे आणि पुढचं गीत सुरू व्हायचं. दर वर्षी हे असंच.

एका रविवारी खिडकीशी काठी टेकवून उभ्या असलेल्या ढोरक्याने मध्येच विचारलं, "पास्टरभाऊ, राजा दुसऱ्याच्या वावरात चरून राह्यला होता, तं त्याले कोंडवाड्यात काऊन नाई टाकलं?"

मंडळी हसली. त्याचं मात्र बरोबर होतं. ग्रामपंचायतीमागच्या कोंडवाड्याची किल्ली तेव्हा त्याच्याच कमरेला असायची. धानात शिरलेलं जनावर तिथे कोंडलं जाई. सोडवायचं तर धन्याने स्वतः यायचं, जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "हे माह्यं हाय." बैल कोणाचा हे अख्ख्या गावाला ठाऊक असलं तरी धनी असं म्हणेपर्यंत फाटक उघडत नसे. हा नियम कुठल्या कायद्यात होता मला माहीत नाही. ढोरक्याच्या कायद्यात होता.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, विचार करून सांगतो. पुढच्या रविवारी त्यांनी खिडकीकडे बघून उत्तर दिलं. "टाकलं होतं ना. देवानंच टाकलं होतं. अन् राजानं वर पाह्यलं, तवा धनी आला, पाठीवर हात ठेवला अन् म्हनला, हे माह्यं हाय. तवा सुटला." ढोरक्याने मान डोलावली. त्याच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघालं.

तेव्हापासून कोंडवाडा गोष्टीत कायमचा शिरला. इतका, की मी चंद्रपूरला वसतिगृहात राहायला गेले आणि तिथल्या प्रार्थनासभेत ही गोष्ट सांगायची माझ्यावर वेळ आली, तेव्हा मी राजाला सरळ कोंडवाड्यात घातलं आणि ढोरक्याकडून फाटक उघडवलं. आमच्या देखरेखीच्या बाई बराच वेळ शास्त्राची पानं पुढे-मागे करत होत्या. शेवटी त्यांनी चष्मा काढून विचारलं, हे नेमकं कोणत्या अध्यायात आहे? पोंभुर्ण्याच्या अध्यायात, असं आता मी सांगितलं असतं. तेव्हा मला घाम फुटला होता.

पुढे मी इतिहास शिकले आणि चंद्रपुरातच एका महाविद्यालयात तो शिकवू लागले. राज्यं का बुडतात याची कारणं सांगणं हा माझा धंदा झाला. लढाया, दुष्काळ, जड कर, नालायक वारस. अमुक साम्राज्य कोणामुळे पडलं, याचं उत्तर "तोच" असं कोणी लिहिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता. मग गावी गेले तरी रविवारी माझे ओठ मिटलेले राहू लागले. भांडण नव्हतं, बंड तर नव्हतंच. पुराव्याशिवाय बोलायची सवय सुटली, एवढंच. बाबांना ते दिसायचं. कानाला हात लावून उभे असताना ते एकदा माझ्याकडे बघत आणि मग इतरांकडे. कधी काही विचारलं नाही.

सत्ताधीशांसाठी प्रार्थना करायचीही त्यांची एक रीत होती. दिल्लीपासून सुरुवात करून मुंबईमार्गे ते जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी अशा पायऱ्या उतरत येत आणि शेवटी वनरक्षकापाशी थांबत. वनरक्षकासाठी सगळ्यांत जास्त वेळ लागायचा, कारण सरपणाची मोळी आणताना गाठ त्याच्याशी पडायची. सरकारं बदलली, वनरक्षक बदलले, प्रार्थना तीच राहिली. नवं नाव जुन्या जागी बसायचं. "गादी त्याची हाय, हे लोकं बदलीवर येतेत," असं बाबा म्हणायचे. ते तलाठ्याविषयीही तेवढंच खरं होतं, म्हणून लोकांना पटायचं.

आजार आम्हाला कळला तो याच प्रार्थनेत. एका रविवारी बाबांनी कधीच वारलेल्या एका मंत्र्यासाठी दीर्घायुष्य मागितलं. मंडळीने आमेन म्हटलं. पुढच्या रविवारी बदली होऊन जमाना झालेल्या तहसीलदाराला सुबुद्धी मागितली. मंडळीने त्यालाही आमेन म्हटलं, कारण पाळकाने मागितलं की आमेन म्हणायचं असतं. मग एकदा ते राजाची गोष्ट सांगताना खुंटापाशी थांबले आणि थांबूनच राहिले. पुढे काय होतं ते त्यांना आठवेना. लोक वाट बघत बसले. शेवटी आई उठली, त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतःच गीत धरलं.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मेंदूची चित्रं काढली, प्रश्न विचारले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे परत यायचं नसतं, जात राहायचं असतं. मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, खरं सांगितलेलं बरं.

आईने विचारलं, "सात काळ म्हंजे किती?"

"शास्त्रात लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"मंग त्या डॉक्टरले कसं ठाऊक?"

आईचा हिशेब ठरला होता: राजाची बुद्धी परत आली, यांचीही येईल. तोवर एकच गोष्ट तिच्या हाती होती, ती म्हणजे नखं. दर शनिवारी ती त्यांना अंगणात बसवायची, हाताची आणि पायाची नखं कापायची, कानामागचे केस कातरायची. "राजाची वाढली होती," ती म्हणायची, "याइची मी नाई वाढू देत." देवाला ती नाही म्हणत नव्हती. पण सगळंच त्याच्या मनासारखं होऊ द्यायला ती तयार नव्हती. मला तिचा हेवा वाटायचा. तिला वाट तरी बघता येत होती.

नवा पाळक आला नाही. मंडळी मात्र रविवारी बसत राहिली. कोणी वाचायचं, कोणी गायचं, बाबा पुढे खुर्चीवर बसायचे. धान लावून झालं, कापून झालं. एकाचं लग्न लागलं, शेजारच्या गावच्या पाळकाने येऊन लावलं. राजा गवत खात असताना राज्य असंच चाललं असेल, असं एकदा माझ्या मनात आलं आणि मी ते झटकलं.

पोळ्याच्या सुट्टीत मी गावी होते. दुपारी आई जरा लवंडली, मी प्रश्नपत्रिका काढत बसले आणि बाबा उघड्या दारातून निघून गेले. अर्ध्या तासाने लक्षात आलं. सगळं गाव बैल सजवण्यात गुंतलेलं, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. त्याच आठवड्यात तलावाच्या पलीकडे वाघाने एक गाय पाडली होती. मी आधी तलावाकडे धावले, मग जंगलाच्या वाटेकडे. हाका मारताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. मी घाबरले होते. आमच्या भागात म्हातारं माणूस जंगलाकडे गेलं तर लोक जास्त बोलत नाहीत, काठ्या घेऊन निघतात.

तेवढ्यात ढोरकी समोरून आला. तोही आता म्हातारा, गुरं केव्हाच दुसऱ्याकडे गेलेली. म्हणाला, "बाई, तिकडं नका जाऊ. पास्टरभाऊ कोंडवाड्यात हाय."

कोंडवाडा बरीच वर्षं वापरात नव्हता. गावात गुरंच कमी झाली होती. दगडी भिंत होती, फाटक कधीच कोणीतरी नेलं होतं. आत कमरेएवढा तरोटा माजला होता आणि त्यात बाबा बसले होते, पाठ ताठ, हात मांडीवर. ओठ हिरवे झाले होते. तरोटाच होता तो, गवत नव्हतं. पावसाळ्यात आम्ही त्याची भाजी करतो. तरी आईला दिसू नये म्हणून मी आधी ओढणीने त्यांचं तोंड पुसलं.

"चला बाबा, घरी."

"बंद हाय," ते म्हणाले.

"फाटकच नाही, बघा."

"बंद हाय."

मी हात धरून ओढलं. ते हलेनात. मी कोण, हेही त्या दिवशी त्यांना ठाऊक नव्हतं. समोरची वाट मोकळी होती आणि ते बंद फाटकाकडे बघावं तसे तिकडे बघत होते. ढोरकी भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "असं नाई निंगत, बाई. पाठीवर हात ठेवा अन् म्हना."

"काय म्हणू?"

"ठाऊक हाय तुमाले."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदरा घामाने ओला होता, आतली हाडं लागत होती. मी म्हटलं, "हे माझे आहेत." काही झालं नाही. वर्गात बोलतात तसं बोलले होते मी. मग मी पुन्हा म्हटलं, घरी बोलतात तसं, "हे माह्ये हायत."

बाबा उठले. कपडे झटकले आणि नसलेल्या फाटकातून बाहेर आले. ढोरकी आमच्या मागे चालू लागला. कुठूनतरी बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. थोडं चालल्यावर बाबा थांबले आणि माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर काळजी होती, खरीखुरी, कामं मागे टाकून आलेल्या माणसाची.

"मी इथी होतो," ते म्हणाले, "तं राज्य कोन चालवून राह्यला?"

त्यांची बुद्धी परत आली नव्हती. मागाहूनही आली नाही. आई अजून नखं कापते आणि अजून वाट बघते. ती येणार नाही, हे त्या वाटेवरही मला समजत होतं. माझ्याकडे पुरावा तेव्हा नव्हता, आजही नाही. पण विचारणारा माणूस माझा होता, आणि त्याला उत्तर हवं होतं.

"तोच," मी म्हटलं.

बाबांनी कानाला हात लावला. "आयकू नाई आलं."

"तोच!" मी ओरडले. मागून ढोरकीही ओरडला. बाबांनी हात खाली घेतला आणि ते घराकडे चालू लागले.